बशीतली पांढरी चकती

त्या उन्हाळ्यात आमच्या चकत्या फुटायला लागल्या.

चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, लागणाऱ्या चकत्या आमच्या घरी होत. गव्हाचं पीठ आणि पाणी, तिसरं काही घालायचं नाही. मीठ नाही, तेलाचा थेंब नाही. लांब दांड्यांचा लोखंडी साचा चुलीवर दोन्ही बाजूंनी तापवायचा, मेणाचं फडकं फिरवायचं, पळीभर पातळ भिजवण ओतायचं आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं. चर्र करून वाफ निघते, कडेनं पीठ बाहेर येतं, ते सुरीनं खरवडायचं. आतून पातळ पत्रा निघतो. असे पत्रे ओल्या फडक्यात मऊ करून नळीनं एकेक गोल कापायचा. घरात आम्ही त्यांना चकत्याच म्हणायचो. वेदीवर फादरांनी प्रार्थना म्हटली की मग ती चकती राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते, आणि तिला आम्ही प्रसाद म्हणतो. तिथून पुढे आम्हीही गुडघे टेकतो.

सासूनं हे काम चाळीस वर्षं केलं. तिचे पाय गेले तेव्हा साचा माझ्या हाती दिला. दिला म्हणजे काय, दांडा माझ्या हातात आणि जीभ तिच्याकडेच. प्रत्येक घाण्यातली एक चकती तिच्या खाटेजवळ बशीत नेऊन द्यायची. ती कोपरा मोडून तोंडात घालणार, डोळे मिटणार आणि उरलेली बशीत टाकून म्हणणार, "करपट." नाहीतर, "पीठ नीट चाळलं नाहीस." क्वचित एखाद्या वेळी काहीच म्हणायची नाही, तेव्हा समजायचं की चांगली झाली. टाकलेल्या चकत्या आणि कापून उरलेलं कातरण कोंबड्यांना जायचं. बशी वाजली की आमच्या कोंबड्या मागच्या दाराशी धावत यायच्या.

गाव आम्हाला 'साच्याचं घर' म्हणायचं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी सगळे मला सूनबाईच म्हणत. मूलबाळ नाही, शिक्षण चौथीपर्यंतचं, दिसायलाही यथातथाच. पण रविवारी दोनशे माणसं रांगेत उभी राहायची आणि त्यांच्या जिभेवर माझ्या हातचं जायचं. गुडघे टेकून मान खाली घातलेली असायची खरी, पण खालून मी बघत असायचे. ते बघून आतून गुदगुल्या व्हायच्या. हे बरं नाही हे मला कळत होतं, पण सवय सुटत नव्हती.

मग पाणी आटलं. नवरा विहिरी खोल करायचं काम करतो, त्यामुळे आटल्याची बातमी सगळ्यात आधी आमच्याकडे यायची. रोज संध्याकाळी तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीनं माखून यायचा आणि ओसरीवर बसून नखांतला मुरूम काढत सांगायचा, "अजून दोन पुरुष खोल गेलो. लागलं, पण मचूळ." आमच्याही विहिरीचं पाणी मचूळ झालं. त्या पाण्यात पीठ भिजवलं की पत्रे तांबूस पडायचे आणि कोरड्या हवेत इतके कडक व्हायचे की नळी टेकवली की तडा जायचा. शंभरातल्या साठ मोडायच्या. उरलेल्या चाळीस मी देवाचं नाव घेऊन पाठवायचे.

एका मंगळवारी फादर घरी आले. फादर नवे होते, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बोलताना हात मागे बांधायचे, म्हणजे ते हात काय करतात ते कळू नये.

"सूनबाई, कण पडतात," ते म्हणाले.

"ऊन फार आहे, फादर."

"ते मला माहीत आहे. पण रविवारी एक प्रसाद हातातच तुटला. एका आजोबांच्या शर्टावर तुकडा पडला. मी तो उचलला, पण खाली गेलेला बारीक चुरा… मिस्सा झाल्यावर मी आणि मास्तर गुडघ्यांवर बसून जमीन ओल्या फडक्यानं टिपत होतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एका कणातही ख्रिस्त पूर्ण असतो. म्हणून आपण इतकं जपायचं."

"पाणी बदलून बघते," मी म्हणाले.

"थोडे दिवस थांबलात तरी चालेल. विश्रांती घ्या."

मला वाटलं, माझ्या काळजीनंच म्हणतायत. सासू खाटेवरून म्हणाली, "विश्रांती घ्या म्हणाले ना? म्हणजे नको म्हणाले." मी तिला म्हटलं, "तुम्हाला सगळ्यांत वाकडंच दिसतं, आई." पण त्या दिवसापासून डोक्यात एकच भुंगा: असा घाणा काढून दाखवते की फादरांचे मागे बांधलेले हात पुढे आले पाहिजेत.

शनिवारी उजाडायच्या आधी उठून गावाबाहेरच्या टाकीवर गेले. तिथलं पाणी गोड होतं, पण जायला अर्धा तास, यायला पाऊण, आणि मध्ये दीड तास रांग. एक घागर मिळाली. ती घरात पिण्यासाठी होती. रविवारी सकाळी नवरा मिस्सेला गेला. मी नाही गेले. सासूला बघायला कुणीतरी हवं, असं सांगितलं. तो दिसेनासा झाल्यावर चूल पेटवली, घागर ओणवी केली आणि तळाला राहिलेलं सगळं पाणी पिठात घातलं.

रविवारचं काम करू नये, हेही मला माहीत होतं.

दोन घाणे झाले. आधीपेक्षा बरे, पण तांबूसच. दोन्हींमधली एकेक चकती सासूला दिली. तिनं कोपरा मोडला, जीभ फिरवली. "पाणी बरं आहे. आच मोठी ठेवलीस." आणि चकत्या बशीत. अंगाची लाही लाही होत होती, तळहात दांड्यानं पोळले होते आणि तिला आच मोठी वाटत होती.

तिसऱ्या घाण्याचं ओतून साचा मिटला आणि दारात मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले. आजारी माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद पोचवायचं काम फादरांनी त्यांच्याकडे दिलं होतं. कडक इस्त्रीचा सदरा, गळ्यात दोरीनं अडकवलेली कापडी पिशवी, पिशवीत पितळी डबी, आणि डबीवर एक हात ठेवूनच चालायचे. रस्त्यात कुणी हाक मारली तरी त्या वेळी बोलायचे नाहीत. एरवी त्यांच्या तोंडाला खीळ नसायची, पण डबी गळ्यात असली की मास्तर वेगळेच.

डबी घरात आली की मेणबत्ती लावायची आणि सगळ्यांनी गुडघे टेकायचे. मी मेणबत्ती लावली. गुडघा एकच टेकला, कारण दुसऱ्या कानानं साच्याचा आवाज ऐकत होते. मास्तरांनी प्रार्थना सुरू केली, सावकाश, एकेक शब्द तोलून, शाळेत शिकवायचे तशी.

"मास्तर, जरा लवकर आवरा," मी म्हणाले. "साचा तापलाय."

ते थांबले. मग भराभर बोलले. सासूच्या जिभेवर प्रसाद ठेवला, ती आमेन म्हणाली. दरवेळी ते चमचाभर पाणी पाजायचे आणि तिनं गिळेपर्यंत बसायचे. त्यांनी घागरीकडे बघितलं.

"पाणी?"

"मी देते. तुम्ही निघा, तुम्हाला अजून दोन घरं आहेत."

मास्तर निघाले. मी साच्याकडे धावले. पाणी नव्हतंच द्यायला. विहिरीचं आणून द्यायचं, असं मनात होतं. साचा उघडला तर पत्रा काठांनी करपलेला. मग पुढचा ओतला, मग त्याच्या पुढचा. सासूनं हाक मारली. मी "आले" म्हटलं. तिनं पुन्हा मारली, मी पुन्हा "आले" म्हटलं. मग हाक आली नाही, आणि मला बरंच वाटलं.

बऱ्याच वेळानं बशी घ्यायला गेले. सासूचा डोळा लागला होता. एक हात बशीवर आडवा ठेवला होता, तो मी उचलून बाजूला केला. बशीत तीन चकत्या.

दोन माझ्या होत्या. तिसरी पांढरीशुभ्र, थोडी ओलसर, एका बाजूनं दुमडलेली. आमच्या साच्यात क्रुसाच्या डाव्या हाताला एक चीर आहे, सासूच्या सासूच्या वेळची, म्हणून आमच्या प्रत्येक चकतीवर तिथे एक बारीक रेघ उठते. या चकतीवर रेघ नव्हती. कड दाबून बंद केलेली, नळीनं कापलेली नाही. असली चकती मी एकदाच बघितली होती, शहरातून आलेल्या पाकिटात.

मला सगळं एका क्षणात कळलं. थोडे दिवस थांबा म्हणजे काय, विश्रांती म्हणजे काय, आज दोनशे माणसांच्या जिभेवर काय ठेवलं गेलं. आणि हेही कळलं, की ही चकती या घरात येईल तर एकाच ठिकाणाहून येईल, मास्तरांच्या डबीतून. ती काय आहे हे मला कळलं होतं. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

खाटेपासून मागचं दार चार पावलांवर आहे. मी ती चार पावलं चालले. प्रत्येक पावलाला थांबता आलं असतं. दारात बशी चौकटीवर आपटली आणि तिन्ही चकत्या अंगणात फेकल्या. "घ्या," मी म्हणाले, "शहरातलं आलंय." कोंबड्या धावल्या. पांढरी चकती आधी गेली.

मग मी परत येऊन साचा पुसत बसले.

सासू उठली ती चाचपतच. "अगं, इथे बशीत ठेवला होता."

"काय?"

"प्रसाद गं! तोंडाला कोरड पडली होती. गिळेना. जीभ टाळूला चिकटली. तुला पाणी मागितलं… शेवटी काढून बशीत ठेवला, म्हटलं पाणी आलं की घेते. हात ठेवून बसले होते मी. कुठे गेला?"

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते इतकं सहज होतं की मलाच नवल वाटलं.

"मला वाटलं आपलीच चकती. कोंबड्यांना घातली, आई."

सासू ओरडली. पाय गेल्यापासून तिचा आवाजही बसला होता, पण त्या दिवशी तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला. आधी शिंपीण आली, मग तिची जाऊ, मग मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रेंगाळून परतणारे लोक थांबले. नवराही आला. त्याला सांगितलं तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला, "कोंबड्या आत कोंडा. आधी कोंबड्या कोंडा." आणि एकटाच खुराड्याकडे पळाला.

फादर पांढरं फडकं आणि काचेचा पेला घेऊन आले. अंगणात कुणाला पाय ठेवू दिला नाही. भर उन्हात स्वतः गुडघ्यांवर बसून एकेक हात जमीन शोधली. माती, पिसं, विष्ठा, सगळं बोटांनी बाजूला करत. त्यांचे हात आता पुढेच होते. दगडी पायरीच्या फटीत नखाएवढा पांढरा तुकडा सापडला. तो त्यांनी पेल्यातल्या पाण्यात सोडला, विरघळेपर्यंत चर्चमध्ये ठेवायचा आणि मग कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी जमिनीत मुरवायचा. कुंपणापलीकडचे सगळे गुडघे टेकून होते. मीही होते.

"आणि त्या कोंबडीचं काय करायचं?" शिंपिणीनं विचारलं. "ती तर आता… म्हणजे तिच्या पोटात…"

"पुरून टाकायची," कुणीतरी म्हणालं.

"जिवंत?"

"मग कापून पुरायची. खायची तर नाहीच."

"कुठली कोंबडी ते तरी कुठे माहीत आहे?" शिंपिणीची जाऊ म्हणाली. "सगळ्या सारख्याच दिसतात."

एरवी मी हसले असते. फादर उठले, गुडघ्यांची माती झटकली नाही. "कोंबड्यांनी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "त्यांना सोडा."

मग कुणीतरी मास्तरांना घेऊन आलं. दोन घरं करून ते नुकतेच परतत होते, पिशवी गळ्यातच होती. फादरांनी सगळ्यांसमोर विचारलं नसतं, पण लोकांनीच विचारलं. गिळेपर्यंत थांबला का नाहीत? पाणी का दिलं नाही? इतक्या वर्षांच्या माणसाला हे सांगायला लागतं का?

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. ते थांबले होते, मी बोलावं म्हणून. माझी नजर पायरीच्या फटीवर होती.

"घाई केली," मास्तर म्हणाले. "पाणी न पाजता निघालो. माझी चूक आहे." त्यांनी गळ्यातली दोरी काढली. ती कानाला अडकली, चष्मा वाकडा झाला. पिशवी दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी फादरांना दिली. फादरांनी घेतली. मास्तर वाकड्या चष्म्यानंच घरी गेले.

पुढचा आठवडा मी मेल्याहून मेल्यासारखी जगले, आणि लोक मला जपत होते, त्यानं जास्तच. रस्त्यात बायका पाठीवरून हात फिरवायच्या. "तुझा काय दोष गं. दिवसभर त्याच चकत्यांत हात, कुणाचाही घोटाळा झाला असता." प्रसादाच्या झालेल्या अपमानाबद्दल फादरांनी शुक्रवारी एक तास प्रार्थना ठेवली. सगळं गाव आलं. मास्तर सगळ्यात मागे, बाकावर नाही, जमिनीवर बसले होते. त्यांच्या बाजूला कुणी बसलं नव्हतं.

पण त्याआधी सोमवारीच फादर घरी आले होते. मला वाटलं, त्यांनी ओळखलं. पाकीट त्यांनीच फोडलं होतं, पांढरी चकती आणि तांबूस चकती यांतला फरक त्यांना नाही कळणार तर कुणाला?

"मी तुम्हाला न सांगता पाकिटं आणली," ते म्हणाले. "तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही आपलीच समजून टाकलीत, यात माझाही वाटा आहे. पाकिटं बंद करतो. येत्या रविवारी तुमच्याच चकत्या."

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं.

आणि मंगळवारपासून दारात पाणी यायला लागलं. आधी शिंपिणीनं घागर आणून ठेवली, टाकीवरून, डोक्यावरून. "चकत्यांना गोड पाणी लागतं ना? फादर म्हणाले." मग दुसऱ्या घरून बादली. मग कुणीतरी सायकलवर कॅन. घरी मुलं मचूळ पाणी पीत होती आणि बायका रांगेत उभ्या राहून मला गोड आणून देत होत्या. मी नको म्हणाले नाही. नको म्हटलं तर का, ते सांगावं लागलं असतं.

शुक्रवारची प्रार्थना आटोपून आल्यावर त्या पाण्यात घाणा काढला. माझ्या हातून कधी झाल्या नव्हत्या अशा चकत्या झाल्या. पांढऱ्या, सपाट, कड गोल, एकही तडा नाही. एक बशीत घालून सासूला नेली. त्या रविवारपासून तिनं प्रसाद घ्यायचं सोडलं होतं. फादर स्वतः आले तरी तिनं तोंड मिटून घेतलं. तोंडातला काढला, म्हणून तोंड विटाळलं, असं म्हणायची.

तिनं कोपरा मोडला. डोळे मिटले. काही बोलली नाही.

"बरी आहे ना?" मी विचारलं.

"चांगली आहे." तिनं उरलेली बशीत परत ठेवली. "तो आपला नव्हता गं."

"काय, आई?"

"रविवारचा. जिभेवर ठेवला तेव्हाच कळलं. चाळीस वर्षं केलंय मी. आपली चकती जिभेला चिकटते आणि कडेला खरखरते. तो गुळगुळीत होता, जाडसर. म्हणून तर गिळेना." तिनं डोळे उघडले. "मला अंधारात, नुसत्या जिभेला कळलं. तुझ्या हातात होता, उजेडात."

मी बशी धरून उभी होते.

"मी कुणाला सांगणार नाही," सासू म्हणाली. "काय सांगू? तोंडातला तर मीच काढला. जा, साचा पूस."

ती मला शिव्या घालती तर बरं झालं असतं. माझी सासू, जिनं माझ्या पिठापासून पदरापर्यंत सगळ्याला नावं ठेवली, ती या एका गोष्टीवर गप्प बसायला तयार होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

शनिवारी दुपारी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर, अलीकडे मी. सांगायला फार वेळ लागला नाही. चार पावलं होती, चार वाक्यांत झालं.

"ख्रिस्ताचा अपमान करायचा होता का?" फादरांनी विचारलं.

"नाही. पाकिटाचा करायचा होता. पण तो त्यात आहे हे माहीत होतं."

"याला चर्चमधून बाहेर काढायचा दंड सांगितलाय. माहीत होतं?"

"नाही, फादर."

"बरं. माहीत नव्हतं तर तो लागत नाही." त्यांनी मला प्रायश्चित्त सांगितलं, क्षमेचे शब्द म्हटले. मी उठले.

"म्हणजे मास्तरांना पिशवी परत देता ना?" मी विचारलं.

"कशावरून देऊ?"

"आत्ता सांगितलं ना मी."

"इथे ऐकलेलं मला इथून बाहेर नेता येत नाही. एका शब्दानंही नाही. मी मास्तरांशी उद्यापासून वेगळं वागलो तरी ते तुमचं गुपित फोडल्यासारखं होईल. देवाकडून तुम्ही मोकळ्या झालात, सूनबाई. मास्तर झाले नाहीत. ते माझ्या हातात नाही."

मला वाटलं होतं, जाळीत सांगितलं की झालं. वीस वर्षं मी तसंच करत आले होते.

मी बाहेर अंगणात थांबले. फादर आले तेव्हा त्यांना, जणू आत्ताच भेटतोय अशा सुरात म्हणाले, "उद्या मिस्सेत मला दोन शब्द बोलायचे आहेत."

"प्रवचनानंतर," एवढंच ते म्हणाले.

घरी नवऱ्याला सांगायचं होतं, पण तो जेवून लगेच घोरायला लागला.

रविवारी माझ्या चकत्या वेदीवर झाकलेल्या होत्या. प्रवचन संपलं, फादरांनी माझ्याकडे मान केली. मी पुढे गेले. इतक्या माणसांकडे तोंड करून मी कधी उभी राहिले नव्हते. त्या बाजूनं ती फार जास्त दिसतात.

"मागच्या रविवारी मी म्हणाले, मला आपली चकती वाटली," मी म्हणाले. "ते खोटं आहे. ती आपली नव्हती, हे मला दिसलं होतं. प्रसाद आहे हेही कळलं होतं. माझं काम गेलं म्हणून राग आला आणि मी तो कोंबड्यांना फेकला. मास्तर पाणी मागत होते. पाणी मी पिठात संपवलं होतं. मीच त्यांना घाईनं घालवलं. त्यांची काही चूक नाही."

पंखे फिरत होते. मग तिसऱ्या बाकावरून शिंपिणीचा आवाज आला, मोठा नाही, ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली.

"आणि मी तुझ्यासाठी टाकीवरून पाणी आणलं."

मी जागेवर जाऊन बसले. बाजूची बाई थोडी सरकली. मिस्सा पुढे चालू झाली. प्रसाद द्यायची वेळ आली आणि फादर भांडं घेऊन खाली आले, पण रांग लागेना. माणसं बसूनच राहिली. सगळ्यांना माहीत होतं, त्या चकत्या कुणाच्या हातच्या. फादर वाट बघत उभे राहिले.

"हे आता सूनबाईचं नाही," ते म्हणाले.

मागून कुणीतरी उठलं. मास्तर होते. मधल्या वाटेनं एकटे चालत पुढे आले, तोंड उघडलं, आमेन म्हणाले. मग बाकीचे उठले. मी गेले नाही. मला क्षमा झाली होती, जायला हरकत नव्हती, पण पाय उचलेना.

घरी येताना नवरा दहा पावलं पुढे चालत होता. आमच्या कुंपणाशी थांबला.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही काय केलं असतं?"

"काही नाही. शेजारी उभा राहिलो असतो."

त्यानंतर दारात पाणी आलं नाही. चकत्यांचं कुणी विचारलं नाही, मीही नाही. साचा मेण लावून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. सासूला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेण जास्त लावलंस. धूळ धरेल."

पुढच्या रविवारी मी मिस्सेला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? सासूची वेणी घालत होते तेव्हा दारात मास्तर उभे राहिले. कडक सदरा, गळ्यात पिशवी, हात डबीवर. मी मेणबत्ती लावली आणि दोन्ही गुडघे टेकले. पेल्यात गोड पाणी भरून ठेवलेलं होतं, सकाळीच टाकीवरून आणलेलं.

मास्तरांनी सावकाश प्रार्थना म्हटली. सासूनं आधी तोंड मिटूनच घेतलं. "आई," मास्तर म्हणाले, "तुम्ही तो जपून ठेवला होतात. हात ठेवून." सासूनं ओठ उघडले. त्यांनी प्रसाद दिला, तीन चमचे पाणी पाजलं, तिचा गळा हलला तसं तिचं तोंड फडक्यानं टिपलं.

मला वाटलं झालं. पण त्यांनी डबी मिटली नाही. माझ्याकडे वळले.

"फादरांनी दोन दिलेत," ते म्हणाले.

मी वर बघू शकले नाही. त्यांची चप्पल दिसत होती, अंगठ्याशी शिवलेली.

"ख्रिस्ताचं शरीर," मास्तर म्हणाले.

"आमेन."

पाकिटातलाच होता, गुळगुळीत, जाडसर. जिभेवर बराच वेळ राहिला. मास्तरांनी चमचा माझ्या ओठांशी धरला. मी पाणी प्यायले, गिळलं. त्यांनी पेला खाली ठेवला, पण ते उठले नाहीत. सासूला जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी मला सांगितलं.

"तोंड उघडा, सूनबाई."

सासू बघत होती. दारात नवरा येऊन उभा होता. मी तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, खालीही काही नाही हे दिसावं म्हणून वर उचलली. मास्तरांनी चष्मा नीट केला, वाकून आत बघितलं आणि मगच डबी मिटली.